मावठ्यातली मरळ

सुरतेजवळच्या सचिनचा हिवाळा किती कडक असतो, हे नंदुरबारहून आलेल्या माणसाला विचारू नये, तो हसेल. इथे जानेवारीतही दुपारी लूमखात्यात पंखा लागतो. पण एखाद्या वर्षी मावठा येतो. आभाळ दोन दिवस खाली उतरून बसतं, उसाची तोड थांबते, कारखान्यातली माणसं मफलर शोधतात आणि मी गळाची पिशवी शोधतो. घरच्यांना आता त्याचं नवल वाटत नाही.

युरोपात पाईक नावाचा मासा आहे. लांबट अंगाचा, दातेरी, गवतात दबा धरून बसणारा. तिकडचे गळवाले त्याच्यासाठी ऐन हिवाळ्यात, पावसात भिजत तळ्याकाठी बसतात. इंग्लंडमधल्या एका जलाशयातून फेब्रुवारी २०२४ मध्ये ४७ पौंडांहून जड, म्हणजे जवळपास साडेएकवीस किलोचा पाईक निघाला आणि ब्रिटनमधला विक्रम मोडला. आपल्याकडे पाईक नाही. त्याचं काम आपल्या तळ्यांत मरळ करते. तोच दबा, तेच दात, एका झेपेत निकाल. पण पाईक थंड पाण्याचा आणि मरळ उबेची, त्यामुळे तिकडचं शास्त्र इथे जसंच्या तसं चालत नाही. सचिनच्या आसपासच्या तळ्यांवर खराब हवेत बसून जे हाती लागलं, त्यातलं कामाचं तेवढं लिहितो.

१. आभाळाआधी पाणी बघा, आणि ते कुठून येतं ते विचारा

सचिनमध्ये ही गोष्ट पहिली. मासा लागेल की नाही, हा प्रश्न नंतरचा. सचिन जीआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, बाजूचे नाले आणि खाड्या यांत गळ टाकायचा नाही, तिथला मासा घरी आणायचा नाही, आणि मावठ्यात तर त्या काठाला उभंही राहायचं नाही. ६ जानेवारी २०२२ ची पहाट इथे कोणी विसरलेलं नाही. एका टँकरमधून रासायनिक कचरा चोरून नाल्यात सोडला जात होता, त्यातून विषारी वायू निघाला आणि शेजारच्या कारखान्यातल्या सहा कामगारांचा जीव गेला. तोही हिवाळाच होता.

मावठ्याचा पहिला पाऊस आणखी एक काम करतो. पावसाळा संपल्यापासून नाल्यांत, रस्त्यांच्या कडेला, गटारांत जे साचलेलं असतं ते सगळं तो एका झटक्यात धुऊन खालच्या पाण्यात नेतो. अशा पाण्यातला प्राणवायू एकाएकी घटतो. चिलापी आणि रोहू वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. मरळ मात्र तिथेही जगते, कारण तिच्या कल्ल्यांच्या वर हवा साठवायची पोकळी असते आणि ती नाकातोंडाशी पाणी नसलं तरी हवेवर तग धरते. तेव्हा ‘मरळ आहे म्हणजे पाणी चांगलं’ हा जो समज आमच्या चाळीत आहे, तो पार उलटा आहे. पाण्याची परीक्षा मरळीवरून करू नये. झिंगे आहेत का, बारीक मासळी काठाला खेळते का, म्हशी ते पाणी पितात की नुसतं हुंगून मागे फिरतात, हे बघावं.

मी बसतो ती तळी पूर्वेच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यातल्या गावांची. तिथे काकरापारच्या कालव्याचं पाणी शेतांतून झिरपत येतं. त्यातही खतं आणि फवारे असणारच, आपण काही हिमालयात राहत नाही. पण रंगाईच्या कारखान्याचं लाल-निळं पाणी आणि हे पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

२. तळं कोणाचं तरी असतं

गावतळी ग्रामपंचायतीची असतात आणि पुष्कळदा मासळीसाठी इजाऱ्याने दिलेली असतात. इजारदाराने पैसे भरून बी सोडलेलं असतं. मावठ्याच्या दिवशी राखणदार झोपडीत असतो म्हणून गुपचूप गळ टाकणारे बरेच. मी आधी झोपडीत जातो, चहा पितो, विचारतो. बहुतेक वेळा परवानगी मिळते, कारण मरळ ही इजारदाराची शत्रू आहे. त्याची कटला-रोहूची पिल्लं ती खाते. ‘मरळ काढा, रोहू लागला तर सोडा’ असा सौदा ठरतो. मराठी माणूस आहे म्हणून कोणी अडवलेलं मला तरी आठवत नाही. तसा आपला या मुलखाशी संबंध जुना आहे: जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या सिद्दी वारसदाराला १७९१ मध्ये पेशव्यांनी जंजिऱ्याच्या बदल्यात सचिनचा हा प्रदेश दिला. सिद्द्याला सचिन मिळालं, नवाबी मिळाली. पेशव्यांना जंजिरा शेवटपर्यंत मिळाला नाही. सौदे करताना आपण कच्चे, हे तेव्हापासूनचं.

३. मावठ्याचा दिवस साधा, त्यानंतरचा सोडा

गळवाल्यांमध्ये एक समजूत पक्की आहे: हवेचा दाब उतरला की मासा खायला उठतो. मोबाइलवर दाबाचे आकडे बघून सुट्टी टाकणारे आमच्यात आहेत. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण साधं आहे. हवेचा दाब एक मिलिबारने बदलला तर तो साधारण एक सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका असतो. मावठ्यात दाब समजा पाच-सहा मिलिबार उतरला, तर माशाला तो बोटभर वर आल्याइतका जाणवणार. मासा तर दिवसभर हातभर वर-खाली करतच असतो. शिवाय आपल्या अक्षांशावर दाब रोजच दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, तोही तीन-चार मिलिबारने, लख्ख उन्हातसुद्धा. मग मासे रोज दोनदा वेडे व्हायला हवेत.

मावठ्यात जे खरोखर बदलतं ते वेगळंच. एक, उजेड. ढगाळ दिवशी मरळ गवताच्या आतून बाहेर कडेला येते, कारण तिचा दबा अंधुक उजेडात जास्त चालतो. दोन, ऊब. उघड्या आभाळाच्या रात्री पाण्यातली ऊब निघून जाते. ढगांच्या पांघरुणाखाली ती बरीचशी टिकते. म्हणजे आपल्याला बोचरी थंडी वाजत असते तेव्हा पाणी आदल्या दिवसाइतकंच कोमट असतं. थंडी आपल्याला वाजते, कारण आपण ओल्या कपड्यांत वाऱ्यावर बसलेलो असतो.

मावठा आणणारा पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की मागून उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, आभाळ निरभ्र होतं आणि खरी थंडी पडते ती तेव्हा. त्या सुंदर, स्वच्छ, कोवळ्या उन्हाच्या सकाळी तळ्यावर गर्दी असते आणि मरळ तोंड उघडत नाही. पाण्याची ऊब एका रात्रीत उतरलेली असते आणि थंड रक्ताच्या जिवाची भूक तिच्याबरोबर उतरते. इंग्लंडात तळं गोठायला आलं तरी तळाशी चार अंशांचं पाणी राहतं, कारण पाणी चार अंशांवरच सगळ्यांत जड असतं. पाईक तिथे जाऊन बसतो आणि तिथेही खातो. मरळीला असली सोय नाही आणि आमच्या कमरेएवढ्या गावतळ्यात तेवढी खोलीही नाही. त्या निरभ्र सकाळी मी घरी झोपतो.

४. वारा फिरला की तळं फिरतं

हे मला एका ऊसतोड करणाऱ्या म्हाताऱ्याने दाखवलं. २०२१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला मोठा मावठा झाला होता, मुंबईपासून सौराष्ट्रापर्यंत. शेतात चिखल, ट्रक आत जात नव्हते, तोड बंद. डांग आणि नंदुरबारकडून आलेल्या टोळ्या पडावावर प्लास्टिकच्या झोपड्यांत बसून होत्या. तोड नाही म्हणजे मजुरी नाही, हे वेगळं सांगायला नको. त्यांतले काही जण तळ्यावर आले होते, हौसेने नव्हे, रात्रीच्या कालवणासाठी.

मी माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात बसलो होतो, नैर्ऋत्येला. हिवाळाभर इथे उत्तर-ईशान्येचा वारा असतो, त्यामुळे जलपर्णीचा तांडा ढकलला जाऊन त्याच कोपऱ्यात जमतो आणि मरळी त्याच्या सावलीला असतात. ते म्हातारे आबा काठाने चालत आले, माझ्याकडे बघितलं आणि अहिराणीत म्हणाले, “अठे काय बठनात भाऊ? पाला तठे गया ना!”

मान वर करून बघितलं. रात्रीतून वारा दक्षिणेकडून फिरला होता आणि जलपर्णीचा सगळा तांडा समोरच्या काठाला लागला होता. माझ्यासमोर उघडं, हलतं पाणी. सहा पायांवरचं छप्पर कोणी रातोरात उचलून नेलं तर खालची माणसं जिथे छप्पर तिथे जातील, तशा मरळीही गेल्या होत्या. आबांच्या हातात बांबूची काठी, तंगुसाची दोरी आणि एक गळ, बस्स. त्यांनी तळ्याला वळसा घातला, पाल्याच्या कडेला एक भेग होती तिथे गांडूळ सोडलं, आणि मी माझी रीळ-काठी आवरून तिथवर पोचेपर्यंत त्यांच्याकडे एक आलीसुद्धा होती.

तेव्हापासून मावठ्यात तळ्यावर पोचलो की आधी बसत नाही. पूर्ण फेरी मारतो. वारा कुठून, पाला कुठे, पाल्यात भेगा कुठे, आणि वाऱ्याच्या समोरच्या काठाला फेस जमलाय का. फेस जमतो तिथे वाहून आलेले किडे, त्यांच्यामागे बारीक मासळी, आणि तिच्यामागे मरळ. वारा तोंडावर घेऊन बसायचं, म्हणजे त्रास होतो. पण पाठीला वारा घेऊन आरामात बसायच्या काठाला त्या दिवशी काही नसतं.

५. ऐका

मरळीला श्वासासाठी वर यावंच लागतं. जाळ्यात खाली अडकून राहिली तर ती पाण्यातच गुदमरून मरते; मासा बुडून मरतो हे लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. शांत दिवशी तिचं वर येणं दिसतं, पावसात दिसत नाही, कारण सगळं पाणीच थेंबांनी उकळत असतं. पण ऐकू येतं. पावसाचा आवाज एकसारखा असतो. मरळ हवा घेते तेव्हा त्यात एक ‘चुब्’ असा तुटका, ओला आवाज मिसळतो आणि पाठोपाठ दोन-तीन मोठे बुडबुडे, जे थेंबांच्या बुडबुड्यांसारखे लगेच फुटत नाहीत. रेनकोटची टोपी कानावर ओढून बसणाऱ्याला हे कळणार नाही. टोपी मागे टाकून डोकं भिजू द्यावं लागतं. माझी बायको या एका गोष्टीवर वर्षानुवर्षं बोलते आहे आणि तिचं बरोबर आहे.

पाणी गार असलं की ती वर यायला जास्त वेळ लावते. म्हणून एका जागी आवाज आला, तर तिथे लगेच गळ आपटू नये. थोडं पुढे, ती ज्या दिशेला तोंड करून आहे असं वाटतं तिकडे, हळू सोडावा.

६. सामान थोडं, आणि सावकाश

पूर्वी लोक जिवंत बेडूक लावत. विलायतेतही तीच रीत होती. आयझॅक वॉल्टन नावाच्या इंग्रज लेखकाने १६५३ मध्ये गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं, त्यात पाईकसाठी जिवंत बेडूक गळाला कसा लावायचा याची सविस्तर कृती आहे. मला ती नको वाटते. आपल्या शेतांतल्या बेडकांची आधीच इतकी कत्तल झाली की १९८७ मध्ये सरकारला बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद करावी लागली. शिवाय हिवाळ्यात बेडूक चिखलात दडलेला असतो. तो शोधायला जाणारा अर्धा दिवस तिथेच घालवतो. रबरी बेडूक सुरतेत कुठेही मिळतो, त्याचे गळ पाठीला चिकटलेले असल्याने पाल्यात अडकत नाही.

तो ओढायचा मात्र पावसाळ्यात ओढतात तसा नाही. पावसाळ्यात मरळ धावत्या गोष्टीमागे धावते. मावठ्यात बेडूक पाल्याच्या कडेला सोडून चक्क थांबायचं. एक झटका, पुन्हा थांबायचं. हात इतके गारठलेले असतात की माणूस स्वतःला ऊब आणायला भराभर रीळ फिरवतो, आणि मासा मागे राहतो.

झेप पडली की लगेच काठी उचलू नये. ती आधी धरते, मग पाल्याखाली नेते, मग गिळते. दोरी ताणली जाईपर्यंत थांबावं, मग एकदाच जोरात. आणि ताण आला की दया-माया नाही, सरळ काठाकडे. पाल्यात घुसली तर गेली. यासाठी दोरी जाड हवी. पातळ दोरीवर मासा खेळवण्याची ऐट मोकळ्या पाण्यात ठीक, इथे त्या ऐटीने मासा तोंडात गळ घेऊन जातो आणि सडून मरतो.

कोरड्या फडक्याचे दोन तुकडे प्लास्टिकमध्ये बांधून न्यावेत. दीड किलोची मरळ ओल्या हाताने धरता येत नाही.

७. वीज असेल तर घरी

यात चर्चा नाही. हिवाळ्यातला पाऊस म्हणजे नुसती भुरभुर, हा समज २६ नोव्हेंबर २०२३ ने मोडला. त्या एका दिवसात गुजरातेत अवकाळी पावसात विजा पडून वीसहून अधिक माणसं गेली. बरीचशी शेतात, उघड्यावर होती. कार्बनची काठी विजेला वाट देते, आणि तळ्याकाठी सपाट शेतात आपणच सगळ्यांत उंच असतो. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवावं, ते जवळच्या विजा दाखवतं. पण गडगडाट ऐकू आला तर मोबाइल काढण्यातही वेळ घालवू नये. काठी आडवी जमिनीवर, झाडाखाली नाही, पक्क्या छताखाली.

वादळाचं असेल तर प्रश्नच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ सुरतेच्या रोखाने येत होतं. किनाऱ्याला लागेपर्यंत ते विरलं, पण दोन दिवस काय पाऊस आणि वारा होता! त्या वेळी आमच्यातला एक जण ‘मासा जोरात असेल’ म्हणून निघाला होता. त्याच्या आईने मोटारसायकलची चावी पदराला बांधली.

८. धरलेल्या माशाचं

मरळ पाण्याबाहेर तासन्‌तास जगते. पिशवीत टाकून घरी नेली तर स्वयंपाकघरात उडी मारते, मुलांना मजा वाटते. मला ती मजा वाटत नाही. खायची असेल तर काठावरच डोक्यावर एक ठोका देऊन संपवावी. नको असेल तर ओल्या फडक्यात धरून, गळ काढून लगेच सोडावी. पोटात गळ गेला असेल तर दोरी जवळून कापावी.

आमच्या घरी ती खानदेशी काळ्या मसाल्यात होते, कळण्याच्या भाकरीबरोबर. काटे कमी, म्हणून आजाऱ्यालाही चालते. मावठ्याच्या दिवशी भिजून आल्यावर तो रस्सा प्यायचा असतो, जेवायचा नसतो.

दोरीचे तुकडे काठावर टाकू नयेत. बगळ्याच्या पायात अडकलेला तंगूस सोडवायला दोघं लागतात, आणि बगळा चोच मारतो ती वेगळीच.

९. पावसाळ्यात हात आवरा

सगळे पावसाळ्यात मरळीवर तुटून पडतात, कारण तेव्हा ती सहज सापडते. का सापडते? पिल्लांमुळे. पावसाळ्यात पाण्यावर केशरी-लाल पिल्लांचा गोळा फिरताना दिसतो. खाली आई-बाप राखण करत असतात. त्या गोळ्यावर काहीही पडलं की ते भुकेने नव्हे, रागाने झेपावतात. गळवाला नेमका तिथेच बेडूक टाकतो, मोठी जोडी काढतो, आणि अर्ध्या दिवसात चिलापी ती सगळी पिल्लं खाऊन टाकतात. एका जोडीत अख्खं तळं जातं. आमच्याकडची दोन तळी अशीच रिकामी झाली आहेत.

तेव्हा मरळ मारायचीच असेल तर हिवाळ्यात मारा, मावठ्यात भिजून मारा. आषाढ-श्रावणात केशरी गोळा दिसला तर काठी खाली ठेवा, आणि शेजारी बसलेल्यालाही ठेवायला सांगा.